आधी कोणत्या जागा भरायच्या?

कलबुर्गीत ‘क’ गटाच्या १० जागा निघाल्या आहेत असं समजू. त्यांतल्या ८ या भागातल्या स्थानिक उमेदवारांसाठी राखीव, उरलेल्या २ सगळ्यांना खुल्या. परीक्षा झाली, गुणवत्ता यादी लागली. पहिला आणि दुसरा क्रमांक स्थानिकांचा. तिसरा-चौथा बाहेरच्यांचा, एक म्हैसूरची मुलगी, एक हुबळीचा मुलगा. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत पुन्हा सगळे स्थानिक. कागद-पेन्सिल घ्या आणि निवड यादी तयार करा.

एका टेबलावरच्या कारकुनाने खुल्या जागांपासून सुरुवात केली. खुल्या म्हणजे सगळ्यांना खुल्या, म्हणून पहिले दोघे तिथे बसले. मग राखीव ८ जागांवर पाचवा ते बारावा. १० जागा भरल्या, दहाही स्थानिक. शेजारच्या टेबलावरच्याने राखीव जागा आधी घेतल्या. पहिला, दुसरा आणि पाचवा ते दहावा असे ८ स्थानिक तिथेच संपले. खुल्या दोन जागांवर आली म्हैसूरची मुलगी आणि हुबळीचा मुलगा. स्थानिक ८, बाहेरचे २.

परीक्षा तीच, गुण तेच, ८० टक्क्यांचा नियमही तोच. दोघांपैकी कुणी लबाडी केली नाही, कुणी चिठ्ठी घेतली नाही. तरी एका टेबलावर ८० टक्क्यांचे १०० टक्के झाले आणि दुसऱ्यावर ते ८० च राहिले. चार माणसांच्या नोकऱ्या ठरल्या त्या केवळ आधी कोणत्या जागा भरल्या यावर.

नोकरभरती जलद आणि चोख कशी करायची हा विषय निघाला की आपण ऑनलाइन अर्ज, संगणक आणि कॅमेरे यांवर बोलत बसतो. ते सगळं हवंच. पण भरतीचं खरं यंत्र या दोन टेबलांच्या मधे आहे, आणि ते जवळजवळ कुणालाच दिसत नाही. परीक्षा दोन-तीन तासांत उरकते. क्रमाचं भांडण सात-सात वर्षं चालतं.

वरचं उदाहरण रचलेलं असलं तरी त्यातलं प्रमाण खरं आहे. संसदेने २०१२ च्या डिसेंबरात मंजूर केलेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३७१ जे हे कलम आलं. २०१३ च्या नोव्हेंबरात कर्नाटक सरकारने त्याखालचा आदेश काढला: या भागातल्या ‘अ’ (कनिष्ठ श्रेणी) आणि ‘ब’ गटाच्या ७५ टक्के, ‘क’ गटाच्या ८० टक्के आणि ‘ड’ गटाच्या ८५ टक्के जागा स्थानिकांना, शिवाय राज्य पातळीवरच्या कार्यालयांत ८ टक्के. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि बळ्ळारी हे तेव्हाचे सहा जिल्हे. आपण त्याला हैदराबाद-कर्नाटक म्हणायचो. २०१९ पासून सरकारी नाव कल्याण कर्नाटक. कलबुर्गीच्या जगत सर्कलच्या आसपासच्या कोचिंग क्लासमध्ये मात्र अजून ‘एचके’च चालतं.

याची मुळं निजामाच्या काळात आहेत. उस्मान अली खानांच्या १९१९ च्या फर्मानाने हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’ असणं, म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवास, बंधनकारक केलं. १९५६ ला ते संस्थान तीन राज्यांत वाटलं गेलं, आणि पुढे नोकरीचे कायदेही तिन्हीकडे निराळे झाले. तेलंगणाला १९७३ च्या सहा कलमी सूत्रानंतर ३७१ डी आणि १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश मिळाला. गुलबर्गा (आजचं कलबुर्गी), बीदर आणि रायचूरला ३७१ जे साठी २०१३ उजाडावं लागलं. मराठवाड्याच्या वाट्याला ३७१ (२) आलं. त्यात नोकऱ्यांच्या पुरेशा संधींचा उल्लेख आहे, पण त्यातून उभी राहिली ती १९९४ ची विकास मंडळं. जागांची टक्केवारी नाही. म्हणून बीदर जिल्ह्यातल्या औरादची मुलगी आणि तिची मराठवाड्यातल्या उदगीरची मावसबहीण, दोघींचे आजोबा एकाच निजामाची प्रजा, आज दोन निराळ्या गणितांत उभ्या आहेत. एकीला सहायक आयुक्तांकडून ३७१ जे चं प्रमाणपत्र काढावं लागतं, दुसरीला त्या नावाचा कागद असतो हेही ठाऊक नसतं.

या कायद्यामुळे इथल्या भरतीला दोन तोंडं फुटली. २०२४ मध्ये ग्रामपंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पीडीओच्या, २४७ जागा निघाल्या: ९७ या भागासाठी आणि १५० उर्वरित राज्यासाठी. परीक्षा वेगळ्या, तारखा वेगळ्या, याद्या वेगळ्या. आणि इथला उमेदवार दोन्हीकडे अर्ज करू शकतो. मग तो दोन्ही याद्यांत आला तर त्याला कुठे मोजायचं? आधी बाहेरच्या यादीत की आधी स्थानिक यादीत? यावर कर्नाटकात परिपत्रकं निघाली, बदलली, भांडणं न्यायाधिकरणापर्यंत गेली. वकिलांच्या भाषेत तो सेवाविषयक वाद. गणिताच्या भाषेत तो आपल्या दोन टेबलांचा वाद.

आणि हा वाद आपल्याकडचाच नाही, ही मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने सरकारी शाळांमधल्या निम्म्या जागा चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांसाठी राखल्या होत्या. उरलेल्या निम्म्या सगळ्यांना खुल्या. शाळेजवळचे पालक खूश, लांबचे नाराज, आणि वर्षानुवर्षं ५० टक्के कमी की जास्त यावर सभा गाजल्या. पुढे पराग पाठक, तायफुन सोन्मेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागावाटपाचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. त्यात राखीव जागा आधी भरल्या जात होत्या. चांगला सोडत क्रमांक लागलेली जवळची मुलं राखीव जागांतच संपायची; खुल्या जागांसाठी जवळच्यांपैकी उरायचे ते खालच्या क्रमांकांचे, आणि त्या जागा लांबच्यांकडे जायच्या. हिशेब करून पाहिला तेव्हा दिसलं की ५० टक्के राखीव ठेवण्याचा परिणाम जवळजवळ काहीच राखीव न ठेवल्यासारखाच होत होता. पन्नास टक्क्यांवरून शहर भांडत होतं आणि ते पन्नास टक्के अस्तित्वातच नव्हते! २०१३ मध्ये बॉस्टनने ती सोयच काढून टाकली. त्याच वर्षी कलबुर्गीत ३७१ जे लागू झालं.

भारतात जातीनिहाय आरक्षणाचा क्रम सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सांगून ठेवला आहे. राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला तर त्याला खुल्यातच मोजायचं, कोट्यात नाही. म्हणजे खुल्या जागा आधी. हे झालं उभं आरक्षण. गोंधळ सुरू होतो तो आडव्याने, ज्याला महाराष्ट्रात आपण समांतर आरक्षण म्हणतो. कर्नाटकात उभे कप्पे आठ: अनुसूचित जाती, जमाती, प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब आणि सर्वसाधारण. प्रत्येक कप्प्यातून आडवे जातात महिला, ग्रामीण, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, दिव्यांग, कन्नड माध्यम, आणि २०२१ पासून तृतीयपंथी. या जाळीतून मग पुन्हा स्थानिक आणि उर्वरित अशी चीर. आता ९७ जागा या जाळीत टाकून पाहा. कित्येक चौकटींत अर्धी जागाही येत नाही, म्हणून बिंदुनामावली, म्हणजे कितवी जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, लागते, आणि कुठल्या बिंदूपासून सुरुवात करायची यावर आणखी एक फाइल उघडते.

(जाता जाता: कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण पहिली ते दहावी कन्नडमधून शिकलेल्यांना आहे. भालकी-औरादच्या मराठी शाळेतली मुलं त्या चौकटीत बसत नाहीत. वर केपीएससीचा, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाचा, सक्तीचा कन्नड पेपर आहे, १५० पैकी ५० गुण मिळवावेच लागतात. इथल्या मराठी मुलांनी तक्रारीपेक्षा तयारीचा मार्ग धरला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.)

आडव्या आरक्षणाचा क्रम चुकला की काय होतं, ते उत्तर प्रदेशाने दाखवलं. २०१३ मध्ये तिथे पोलीस शिपायांच्या ४१,६१० जागांची भरती निघाली. खुल्या गटातल्या महिलांची यादी २७४.८२९८ गुणांवर थांबली. ओबीसी गटातल्या एका महिला उमेदवाराचे गुण होते २७६.५९४९, म्हणजे त्याहून जास्त, आणि तिला नोकरी नाही! कारण यादी करणाऱ्यांनी खुल्या महिलांच्या जागा फक्त सर्वसाधारण प्रवर्गातल्या महिलांसाठी धरल्या. ‘खुला’ हाही एक जातीचा कप्पा मानला की असं होतं. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव खटल्यात तो हिशेब मोडीत काढला: खुला गट सगळ्यांचा, त्यातल्या महिलांच्या जागाही सगळ्या महिलांच्या. त्या रेषेच्या वर गुण असलेल्या ओबीसी महिलांना नेमणुका द्या आणि आधी निवडलेल्यांना हात लावू नका, असा आदेश झाला. जाहिरात २०१३ ची, निकाल २०२० चा. हा मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती उदय लळित यांनी. त्यांचं घराणं सोलापूरच्या वकिलीतलं, म्हणजे गुलबर्ग्याहून गाडीत बसलं की चहाच्या दोन वेळांमधे येणाऱ्या गावचं.

महाराष्ट्राने हाच घोळ आपल्या पद्धतीने घातला होता. २०१४ च्या परिपत्रकाने राखीव प्रवर्गातल्या महिलांना खुल्या महिलांच्या जागांवरून दूर ठेवलं, मग २०१८ मध्ये शुद्धिपत्रक काढावं लागलं. मधल्या वर्षांतल्या भरत्या कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या.

गंमत अशी की बॉस्टनच्या शाळांवर काम केलेले तेच सोन्मेझ, आपले सहकारी बुमिन येनमेझ यांच्यासोबत, स्वतंत्रपणे भारतातल्या समांतर आरक्षणाचं गणित मांडत होते. त्यांना पडलेला प्रश्न मजेदार आहे. एकच मुलगी महिला आहे, ग्रामीण आहे आणि कन्नड माध्यमाचीही आहे. तिला कुठल्या चौकटीत मोजायचं? महिलांच्या चौकटीत मोजली तर ग्रामीणची जागा रिकामी राहू शकते. ग्रामीणमध्ये मोजली तर दुसरी कुणी महिला आत येते. एक-एक चौकट हाताने भरत गेलं तर हमखास कुठेतरी अडतं. पण सगळ्या चौकटी एकदम समोर ठेवून ‘जास्तीत जास्त चौकटी भरतील अशी जुळणी शोध’ असं संगणकाला सांगितलं, तर ते उत्तर क्षणात सापडतं. कार्यालयात आठवडे खाणारं काम आहे हे.

आता मोठ्या भरत्यांच्या याद्यांतले दशांशातले गुण बघा. प्रश्नाला एक किंवा दोन गुण असतात, मग हे दशांश कुठून येतात? उमेदवार लाखांनी असले की परीक्षा अनेकदा एका दिवसात होत नाही. महाराष्ट्रातली २०२३ ची तलाठी भरती ४,६४४ जागांची, अर्ज दहा लाखांवर, परीक्षा ५७ सत्रांत. प्रत्येक सत्राचा पेपर निराळा. कुणाला सोपा, कुणाला जड. म्हणून सगळ्या सत्रांचे गुण एका मापावर आणतात. अशा सूत्रांत साधारणपणे त्या सत्राची सरासरी, गुणांचा पसारा आणि अगदी वरच्या मूठभरांचे गुण घेतात, आणि त्या सत्राची पट्टी सगळ्यांच्या पट्टीवर ताणून बसवतात. जड सत्रातला एखादा फार हुशार निघाला की ताणलेली पट्टी मूळ पट्टीबाहेर जाते. जानेवारी २०२४ मध्ये निकालात २०० पैकी २१४ गुण दिसले ते यामुळे. टीव्हीवर थट्टा झाली, संशय घेतला गेला. पण २०० च्या पुढे गेलेला आकडा एवढ्यावरून घोटाळा ठरत नाही; सूत्र पट्टीच्या टोकाशी असंच वागतं. सरकारची चूक वेगळी होती. हे घडू शकतं, हे परीक्षेआधी साध्या मराठीत सांगायला हवं होतं.

संशय मात्र उगाच येत नाही, आणि कलबुर्गीकरांना ते कुणी शिकवायला नको. ३ ऑक्टोबर २०२१ ला ५४५ फौजदारांच्या, म्हणजे पीएसआयच्या, जागांसाठी परीक्षा झाली. निवड यादी लागली, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये सीआयडीने या शहरातल्या एका केंद्रावर हात घातला. जे उघड झालं त्याची किल्ली होती एक पातळ कागद. ओएमआर उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवार घरी नेतो. मूळ प्रत खात्याकडे जाते. एका उमेदवाराच्या कार्बन प्रतीत २१ प्रश्नांचेच गोळे काळे केलेले, आणि गुण मात्र शंभराच्या वर. आरोप असा की कोरे सोडलेले गोळे नंतर कुणीतरी भरले. मूळ कागद बदलता येतो. पण आधीच केंद्राबाहेर गेलेल्या प्रतीला हात कसा लावणार? कोट्यवधींची यंत्रणा जे पकडू शकली नाही ते दोन पानांच्या तुलनेने पकडलं. २९ एप्रिलला ती परीक्षाच रद्द झाली.

फेरपरीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने, केईएने, घेतली ती २३ जानेवारी २०२४ ला, फक्त बेंगळुरूत. प्रामाणिकपणे पहिल्यांदा पास झालेल्या कलबुर्गीच्या मुलांनीही रात्रभराचा रेल्वेप्रवास करून पुन्हा पेपर दिला. मधल्या काळात, २०२३ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या एका भरती परीक्षेत कलबुर्गी आणि यादगीरच्या केंद्रांवर कानात ब्लूटूथ घातलेले उमेदवार सापडले. त्याच वर्षाअखेर कर्नाटकाने दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा कोटींपर्यंत दंडाचा कायदा केला. भरतीचा वेग मोजताना ही सव्वादोन वर्षं कुठल्या खात्यात घालायची? एका केंद्रावरच्या बेइमानीने ५४५ जागांची भरती पुन्हा शून्यावर आली. सुरक्षिततेवरचा खर्च हा वेगावरचाच खर्च आहे, एवढं तरी वित्त विभागाने मान्य करावं.

आता शेवटचा अडथळा, आणि त्याचं उत्तर कलबुर्गीच्या प्रत्येक बारावी पास मुलाला आधीच माहीत आहे. हुशार उमेदवार एकाच वेळी पीडीओ, एफडीए (प्रथम दर्जा सहायक), पीएसआय आणि ग्राम प्रशासन अधिकारी अशा चार ठिकाणी निवडला जातो. तो एक घेतो, तीन जागा मोकळ्या राहतात. मग अतिरिक्त यादी, त्यातूनही कुणी सरकतो, मग आणखी एक यादी. तोवर खालचा मुलगा कोचिंगची फी भरत बसतो.

१९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन गणितज्ञांनी जेमतेम सात पानांच्या लेखात यावर तोड दिली. त्यांनी उदाहरण घेतलं लग्नाचं. प्रत्येकाने आपली पसंती क्रमाने लिहायची. पहिल्या पसंतीला विचारायचं. समोरच्याने आलेल्यांतला सर्वांत चांगला धरून ठेवायचा, पण शब्द द्यायचा नाही. नाकारलेले पुढच्या पसंतीकडे जातात. आणखी चांगला कुणी आला तर आधीच्याला सोडायचं. असं फिरत राहून कुणी नाकारला जाईनासा झाला की थांबायचं आणि तेव्हाच सगळे होकार पक्के करायचे. या जुळणीनंतर ‘मी त्याला हवा होतो, मला तो हवा होता, तरी जमलं नाही’ अशी एकही जोडी उरत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढे अल्विन रॉथ यांच्या लक्षात आलं की अमेरिकेतली इस्पितळं आणि नवे डॉक्टर १९५० च्या दशकापासून साधारण हेच करत होते, कुणी सिद्धता न देता. रॉथ आणि शॅप्ले यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

केईएच्या सीईटीत सीट मिळाल्यावर समोर चार पर्याय येतात. ‘चॉइस-२’ म्हणजे ही जागा माझ्या नावावर राहू द्या, पण वरची मिळाली तर तिकडे न्या. हे गेल-शॅप्लेचंच तत्त्व, गुलबर्ग्याच्या सायबर कॅफेत. आयआयटी आणि एनआयटी यांनी २०१५ पासून प्रवेश एकत्र केले तेही याच गणितावर, आरक्षणासकट. केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा) आणि यूपीएससीत पसंतीक्रम देऊन सेवा मिळतेच. मग ‘क’ गटाच्या नोकऱ्यांत काय अडलं? खात्यांची वेळापत्रकं जुळत नाहीत, हे खरं कारण आहे आणि ते हलकं नाही. पण एकाच वर्षात निघणाऱ्या तीन-चार भरत्यांचा निकाल एका दिवशी लावणं आणि उमेदवाराकडून एक पसंतीपत्र घेणं यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक अधिसूचनेत, जागांच्या तक्त्याखाली, या जागा कुठल्या क्रमाने भरणार हे लिहिलेलं असावं, सोबत दहा काल्पनिक उमेदवारांचं सोडवलेलं उदाहरण असावं, आणि ते परीक्षेआधी छापलेलं असावं. निकालानंतर ठरवलेला क्रम कितीही न्याय्य असला तरी कोर्टात जाणारच, कारण तोवर प्रत्येकाला ठाऊक असतं की त्यात आपला तोटा आहे की फायदा.

अर्ज भरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ३७१ जे चं प्रमाणपत्र जाहिरातीची वाट न बघता आत्ताच काढून ठेवा. आणि ओएमआरची कार्बन प्रत नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत फेकू नका.